आळणी सोमवार

वर्षालीने मिठाची बरणी फडताळात ठेवली आणि म्हणाली, "आई, रजतचा रिपोर्ट येईपर्यंत मीबी तुमच्यासंग आळणी सोमवार करतो."

आनंदाबाईंनी मान हलवली. सुनेच्या डोळ्यांकडे मात्र पाहिलं नाही.

त्यांच्या यजमानांना, अण्णाजींना, जाऊन आठ महिने झाले होते. प्रोस्टेटचा कॅन्सर. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, दोन गोष्टी सापडल्यात. गाठीत दोन जनुकं तुटून एकमेकांना जोडली गेलीत. ती जोडणी पुढे गाठीतच झालेली, मुलाबाळांत जात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे एका जनुकातली चूक, ती जन्मापासून रक्तात आहे. ती मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. मुलाची तपासणी करून घ्या.

रजतने रक्त दिलं तेव्हापासून घरात कोणी पोटभर जेवलं नव्हतं. एकट्या आनंदाबाई निर्धास्त होत्या, आणि ते कोणाला सांगता येत नव्हतं.

रजत त्यांच्या पोटचा नव्हता. चौतीस वर्षांपूर्वी त्या नाचणगावला माहेरी जाऊन पाच महिने राहिल्या. गावात सांगितलं, दिवस गेलेत, डॉक्टरनं निजून राहायला सांगितलं. एका दुपारी अण्णाजी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आले.

"अनाथाश्रमातलं हाय. कागद माह्याजवळ हायेत. आता तूच याची माय."

आनंदाबाईंनी कागद मागितले नाहीत. बाळाने त्यांचं बोट घट्ट धरलं होतं.

पुढे त्यांची आई वारली, आता अण्णाजीही गेले. हे जाणणाऱ्या त्या एकट्याच उरल्या. रजतलाही ठाऊक नव्हतं, आणि होऊ द्यायचं नव्हतं.

पोथी घेऊन देवापुढे बसल्या की त्यांना लाज वाटे. जे मिळालेलंच आहे ते काय मागायचं? अध्याय संपवून त्या हळूच म्हणत, "देवा, हे सोंग माफ कर." रजतसाठी त्यांनी काहीच मागितलं नाही.

आष्टीच्या बाजारात शालूबाई भेटली. रोहण्याहून भाजी घेऊन बसणारी. घरी मेथी-पालकाचा मळा असूनही अण्णाजी दर बाजारी तिच्याकडूनच जुडी आणत. एकटी बाई हाय, म्हणत.

"वयनी, रजतचा रिपोर्ट आला काय?"

"नाई अजून."

"मीबी सोमवार धरला त्याच्यासाठी. आळणीच जेवतो." शालूबाईने दोन जुड्या पिशवीत कोंबल्या आणि पैशाचा हात मागे सारला.

हिला तरी सांगावं, आनंदाबाईंना वाटलं. बाई, उगाच जिवाला त्रास देऊ नको. पण त्यांनी पिशवी उचलली आणि घराची वाट धरली.

पुढच्या सोमवारी वर्ध्याहून बोलावणं आलं. बसमध्ये रजत खिडकीबाहेर पाहत बसला होता. आर्वी गेल्यावर एकदम म्हणाला, "आई, आत्या मले काय चिडवे, आठवते? 'हा पोट्टा ना मायवर गेला ना बापावर!' तसंच निघू दे आता."

"तसंच निघन, बाबू." इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदा खरं बोलल्या.

डॉक्टरांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक अण्णाजींचा, एक रजतचा.

"तीच चूक आहे. त्याच जागी, अक्षर न अक्षर तीच. तुमच्या वडिलांशिवाय आजवर आम्ही ती कोणात पाहिली नाही. त्यांच्याच रक्तातून आली आहे." मग ते दरवर्षीच्या तपासणीबद्दल बोलत राहिले. घाबरू नका, लवकर सापडलं तर इलाज आहे.

आनंदाबाई कागदांकडे पाहत होत्या. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कोणी कागद दाखवले होते. पिशवीत जुड्या कोंबणारा शालूबाईचा हात त्यांना आठवला.

रजतने त्यांचा हात धरला आणि कसंबसं हसून म्हणाला, "रडू नको न, आई. आत्याले फोन लाव. म्हणावं, पोट्टा बापावरच गेला."