जुना वॉकर

मांडीचं हाड जुळून आलं होतं, डॉक्टरांनी चालायलाही सांगितलं होतं. पण बस चालवण्यात उभी हयात घालवलेला तो माणूस पलंगावरून पाय खाली सोडायला तयार नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. बायको विनवून विनवून थकली. शेवटी तिनेच चार ठिकाणी शब्द टाकला आणि एका सकाळी पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ खांद्यावर जुना वॉकर घेऊन, तीन जिने चढून दारात उभे राहिले.

“आमच्याकडे नुसता पडून होता. तुमच्या उपयोगी पडेल,” ते म्हणाले.

ती चहा ठेवायला आत गेली. त्याने मान वळवून वॉकरकडे पाहिलं. मुठींवरचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं.

“ज्यांचा होता, ते... गेले का?” त्याने हळूच विचारलं.

“नाही अजून,” पाहुणे घाम पुसत म्हणाले. “वहिनींचा चहा झाला की जाईन.”

ती कप घेऊन बाहेर आली, तेव्हा नवऱ्याचे पाय जमिनीवर होते.