पांढरा स्क्रू

योटेबोर्गच्या त्या प्रयोगशाळेत रीतच होती: ज्याच्या चुकीमुळे मापन वाया जाईल, त्यानं शुक्रवारच्या कॉफीला केक आणायचा. टुवानं बनवलेली अतिवाहक चिप सिक्स्टेननं डबीत बसवून गोठवली. सूक्ष्मलहरी सोडल्यावर ती घंटेसारखी घुमत राहायला हवी होती. पण ती फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजली.

"हात स्वच्छ नसतील तुझे," तो सगळ्यांसमोर म्हणाला.

शुक्रवारी टुवानं केक आणला. सिक्स्टेननं दोन तुकडे हाणले आणि वर "जरा कोरडाच झालाय" असंही म्हणाला.

सोमवारी चिप परत करायला डबी उघडली, तर झाकणाच्या पिवळ्या स्क्रूंमध्ये एक पांढरा चमकला. पितळेचा हाताशी नव्हता म्हणून त्यानंच घाईत स्टीलचा मारला होता. स्टीलच्या चुंबकत्वानं अशी चिप मरते, हे तो नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवायचा. इकडेतिकडे बघून त्यानं तो स्क्रू खिशात टाकला. टुवानं दिलेली पुढची चिप पितळेच्या स्क्रूंनी बसवली आणि ती काय सुरेख घुमली!

"बघ, मन लावून केलंस की जमतं," तो कॉफीच्या टेबलावर म्हणाला.

"मी नवी बनवलीच नाही," टुवा म्हणाली. "तू परत केलेलीच पुन्हा दिली."

"मग बदललं काय?" कुणीतरी विचारलं.

सिक्स्टेनचे कान तापले. खिशातला हात त्याला बाहेर काढवेना.

टुवानं त्याच्या कपात कॉफी ओतली. "या शुक्रवारी वेलचीचा आण," ती म्हणाली. "आणि कोरडा नको."