अकरा वर्षांचा नारळ

जिल्ह्याचा कबड्डी करंडक जानेफळनं जिंकला की मारुतीला फोडायचा म्हणून घेतलेला नारळ शालिग्रामकाका अकरा वर्षं पिशवीत घालून स्पर्धेला नेत आणि तसाच परत आणत. आतलं पाणी आटून खोबरं खुडखुड वाजायचं. यंदा अंतिम सामन्याला संग्रामपूरचा संघ वेळेवर पोचलाच नाही. ट्रक वाटेत पंक्चर झाल्याचा निरोप आला आणि पंचांनी जानेफळला विजयी ठरवलं. “फोडा काका,” कप्तान उद्धव म्हणाला. काका गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि पंचांकडे गेले. “न खेळता जिंकल्यावर मारुती नारळ कसा घेईन? येऊ द्या त्यायले.” पंच थांबले. दोन तासांनी संग्रामपूरकर आले आणि एका गुणानं जिंकले. परतताना सगळे काकांच्या चार पावलं पुढं चालत होते. वेशीपाशी उद्धवनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. “पुढच्या साली तुमी निस्ते पाहाले या. नारळ मी आणतो.”