मुद्दाम केलेली चूक

"तुमचा विश्वास बसणार नाही, पण चुकीचे पाढे शिकवून मी सतरा इंजिनिअर घडवलेत!" नव्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी छाती फुगवली.

"माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी वर्षभर तोंडच उघडेना. मी मुद्दाम फळ्यावर लिहिलं, तेरा साते अठ्ठ्याण्णव. ती ताडकन उठली, 'गुरुजी, एक्याण्णव!' तेव्हापासून मी रोज चुकायचो आणि अख्खा वर्ग माझ्यावर तुटून पडायचा. पोरांना बोलतं करायचंय? तर मास्तरानं चुकावं!"

टाळ्या पडल्या. मी मिशीला पीळ देतोय तोच पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापिका उठल्या.

"गुरुजी, ती मुलगी मी. कसलं मुद्दाम! खडू हातात धरून तुम्ही घामाघूम झाला होतात. मला तुमची दया आली, म्हणून तर तोंड उघडलं!"