दोनशे चौदा सभासद

फ्रँकफर्टच्या माइनकाठ मराठी मंडळाचे अध्यक्ष हृषिकेश कारखानीस गणपतीसाठी मोठा हॉल मिळावा म्हणून राटहाउसचा, म्हणजे नगरपालिकेचा, अर्ज भरत होते. शेजारी बसून लेक स्वानंदी शाळेत सादर करायचं रेफेराट वाचून दाखवत होती. अमेरिकेच्या जुन्या घटनेत म्हणे पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायचे. त्यामुळे मालकांच्या राज्यांना संसदेत जास्त जागा मिळायच्या. गुलामांना मात्र मतच नव्हतं.

अध्यक्षांचं रक्त उसळलं. "काय लबाड लोक! मोजायच्या वेळी माणसं, आणि मताच्या वेळी कुणीच नाही?"

मग जरा शांत होऊन त्यांनी अर्जात बायकामुलं धरून मंडळाचे सभासद लिहिले : दोनशे चौदा.

"अरे, रविवारच्या निवडणुकीला मतपत्रिका किती छापू?" त्यांची बायको निशिगंधा लॅपटॉपवरून डोकं वर काढत म्हणाली.

"साठ. एका घराला एक मत, कुटुंबप्रमुखाचं. मंडळाची घटनाच आहे तशी."

स्वानंदीनं आईकडे पाहिलं.



"काही म्हण हं स्वानंदी, त्या मालकांपेक्षा बाबांचं मन मोठं. त्यांनी आपल्याला अख्खं मोजलंय."