नळी जवळ आणली तेव्हा

"बघ गं, आता बघ," म्हणत प्रोफेसर व्रबांनी मोजणीची काचेची बारीक नळी केसभर वर सरकवली.

भांड्यात खाली पिवळं, जड नायट्रोबेंझिन, वर पाणी. दोन्हींच्या मध्ये रेघ. तीच ओलांडून आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, पलीकडे जातात. नळी जसजशी रेघेजवळ आली, तसतसा यंत्राने कागदावर नोंदलेला विजेचा अडथळा घटत गेला. शेवटी उरलाच नाही म्हणा ना!

त्यांची जुनी विद्यार्थिनी यार्मिला वाकून बघत होती. कोलीन गावातल्या औषधाच्या दुकानातल्या नोकरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून ती अठरा वर्षांनी प्रागच्या या प्रयोगशाळेत आली होती. दाराशी बूट काढले, तर व्रबांनी कपाटाखालून तिच्याच जुन्या सपाता काढून पुढे ठेवल्या. म्हातारा टाकायला विसरला असेल, असं तिला वाटलं.

व्रबांचा सिद्धांत जन्मभर एकच: रेघेवर भिंत असते, आयनांना ती चढून जावी लागते. यार्मिलाने प्रबंधात लिहिलं होतं, भिंतबिंत काही नाही. नळी रेघेपासून दूर आहे, म्हणून मधल्या नायट्रोबेंझिनचाच अडथळा मोजला जातोय. व्रबांनी तो प्रबंध नापास केला होता.

"भिंत नव्हतीच," ते म्हणाले. "मीच लांबून मोजत होतो. गाढव मी!"

"नळी जरा जवळ घ्या, असं मी तेव्हाच म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस. मी काय म्हणालो?"

"रेघ हलेल, म्हणालात. आणि मला भांड्याला हात लावायची बंदी केलीत."

व्रबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. मग कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "आपण छापू या. तुझं नाव आधी. समीकरणं तूच मांड, तुझीच आहेत ती."

यार्मिलाचा हात किती भरभर गेला पेन्सिलीकडे! एक ओळ झाली. दुसरी अर्धी झाली. पेन्सिल थांबली. तिने अर्धी ओळ खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली.

"पुढचं आठवत नाही हो, प्रोफेसर," ती म्हणाली. तिने पेन्सिल खाली ठेवली. "खोकल्याच्या औषधाचं प्रमाण विचारा. झोपेतसुद्धा सांगेन."



दाराशी तिने बूट घातले. सपाता उचलल्या, झटकल्या, आणि कपाटाखाली न ठेवता आपल्या पिशवीत टाकल्या.