वयाचा रकाना

मुंबईच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि इकडे मोहोपाड्याच्या कारखान्यात हिरामण कारकुनाच्या डोक्याला ताप झाला. कामगारांच्या जुन्या रजिस्टरात वयाचा रकाना एकच, पण त्यात काय नव्हतं! कुणाचं 'बावीस', कुणाची जन्मतारीख, कुणाचं 'मोठ्या पुराच्या साली', तर चांगोचं 'भागूबाईचा तिसरा, ऐन लावणीतला'. भरतीच्या दिवशी जो जे बोलला, ते जुन्या कारकुनानं मुकाट उतरवलं होतं. कॉम्प्युटरला मात्र नुसता आकडा हवा होता.

"आकडा निघत नाही तिथं अठ्ठावन्न टाका," साहेब म्हणाले.

अठ्ठावन्नला माणूस घरी जातो, हे हिरामणला ठाऊक होतं. साहेबांना तर होतंच. तीसेक माणसं कमी करायची होती, ती आयती झाली.

चांगो हिरामणच्याच गावचा, लोधिवलीचा. सेहेचाळिशीचा असेल-नसेल. तरी हिरामणनं अठ्ठावन्न टाकलं. त्याची स्वतःची नोकरी अजून कायम व्हायची होती.

यादी लागली तशी दुसऱ्या दिवशी चांगो आईला घेऊन ऑफिसात हजर.

"हिरामण, तू तरी सांग रं सायबाला. तुज्या थोरल्या भावासंगं गुरं राखली ना मी? मी काय म्हातारा हाय?"

हिरामणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो खाली बघून टाचण्या वेचत राहिला.

साहेबांनी चष्म्यावरून भागूबाईकडे पाहिलं. "आजी, तुमचं वय काय?"

"पासष्ट आसंल."

"म्हणजे सातव्या वर्षी झाला का हा तुम्हाला?" साहेब खो खो हसले. शिपाईही हसला. "यादी मुंबईला गेली. आता वय बदलत नाही."

हसण्यासारखं काय झालं ते म्हातारीला कळलं नाही. पोराच्या नावावर कुठूनशी जास्तीची वर्षं पडलीत, एवढं उमगलं. ती टेबलाशी सरकली आणि तिनं पदर पसरला.

"मंग ती माज्यात टाका, सायेब. मला काय व्हतंय?"

"हिरामण, तुमच्या गावची ना ही? बाहेर सोडून ये."

हिरामणनं तिचा दंड धरला आणि पायऱ्या उतरवून तिला फाटकापर्यंत नेलं. चांगो मागून आला. फाटकाशी म्हातारी थांबली. गावचं लेकरू म्हणून तिनं हिरामणच्या गालांवरून हात फिरवले, आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"माजं आयुष्य लागू दे रं तुला, बाबा," ती म्हणाली.